आम्ही आणि आमचा अनुक्रमांक

अनुक्रमांक या वस्तूवर माझा फार जुना लोभ आहे. काही माणसांना गाण्याचा कान असतो, काहींना हापूस आंब्याचं नाक असतं; मला अनुक्रमांकाचा डोळा आहे. नाटकाला गेलो आणि खुर्च्यांच्या रांगेत बारानंतर एकदम चौदा दिसला, की पहिला अंक माझा गेलाच. रंगमंचावर नायिका विष पिते आहे की उसाचा रस, याकडे माझं लक्ष नसतं. तेरा कुठे गेला असेल, एवढंच डोक्यात.

याला कारण आहे. मी एका सरकारी कचेरीत ३१ वर्षं आवक-जावक सांभाळलं. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण तिथे अजून माझ्या ओळखीची माणसं आहेत आणि मला अधूनमधून दाखले लागतात. ज्यांनी कधी सरकारी कचेरीत काम केलं नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो: कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कागदाला एक नंबर द्यायचा आणि तो एका लांबरुंद रजिस्टरात लिहायचा, तारीख, कुणाकडून, विषय, कुणाकडे धाडला. नंबर दोनदा पडता कामा नये आणि मधला सुटता कामा नये. नंबर सुटला म्हणजे कागद हरवला, आणि कागद हरवला म्हणजे कुणीतरी तो खाल्ला, असं साहेबांचं सरळ गणित असे.

एरवी हे काम सुखाचं. पण मार्चअखेर आली, की चार शाखांचे चार शिपाई बगलेत गठ्ठे मारून माझ्या टेबलाशी उभे राहत. रजिस्टर एक, दोरीला बांधलेलं पेन एक आणि मी एक. गंमत बघा, त्या रजिस्टराला तीनशे पानं असत. मागची दोनशे नव्याण्णव पानं दुपारची झोप काढल्यासारखी निवांत पडलेली, आणि सगळ्या कचेरीचा भार शेवटच्या एका पानावर! कारण नवा नंबर नेहमी शेवटच्याच पानावर पडणार. एक शिपाई लिहून घेतोय तोवर तिघे ताटकळत. त्या पानाचा खालचा कोपरा मार्चमध्ये इतका काळा होई, की एप्रिलमध्ये त्यावरचे आकडे वाचायला भिंग लागे.

हे सगळं आता इतिहासजमा झालं, असं मी समजून चाललो होतो. तो समज आमच्या भाच्याने घालवला.

आमचा भाचा पुण्याला 'डेटाबेस' सांभाळतो. म्हणजे काय करतो, हे मी त्याला तीन दिवाळ्या विचारलं. चौथ्या दिवाळीला तो वैतागून म्हणाला, "मामा, तुमचंच काम करतो. फक्त रजिस्टर मोठं आहे आणि शिपाई सेकंदाला हजार येतात." तेव्हापासून मला त्याच्याविषयी आदर वाटू लागला. तोवर मी त्याला निव्वळ पगार जास्त असलेला मुलगा समजत होतो.

एका माघात तो महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाला आला. आल्या आल्या मी जाहीर केलं, की आपण कचारगडच्या यात्रेला जाणार. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे आमचे दादा दर माघी पौर्णिमेला तिथे जातात. दादा गोंड समाजाचे. निवृत्त होऊन मला इतकी वर्षं झाली, तरी "एकदा चला जी आमच्याकडे" हा त्यांचा आग्रह काही निवृत्त झालेला नव्हता. तेव्हा ठरलं. दादा, मी, भाचा आणि भाच्याचा फोन असे चौघे जीपने निघालो. फोनला मी वेगळा मोजतो, कारण वाटेत सगळ्यात जास्त तोच बोलला.

आमगाव येईपर्यंत तो तीनदा वाजला. सालेकसा येईपर्यंत भाच्याचा चेहरा मार्चमधल्या शिपायासारखा झाला होता.

"काय झालं रे?"

"बिलिंग अडकलंय, मामा."

मग जीपच्या खडखडाटात त्याने जे सांगितलं, ते असं. त्यांची कंपनी काही इस्पितळांची बिलं करणारी यंत्रणा चालवते. सगळ्या इस्पितळांची मिळून माहिती एका जागी, आणि तिच्यावर काम करणारी यंत्रं चार. याला क्लस्टर म्हणायचं. एक यंत्र आजारी पडलं तर बाकी तीन चालू राहावीत, हा हेतू. बिलातल्या प्रत्येक ओळीला, म्हणजे प्रत्येक गोळीला, प्रत्येक सुईला, कापसाच्या प्रत्येक बोळ्याला यंत्र आपला एक नंबर देतं. हे नंबर देणाऱ्याला 'सिक्वेन्स' म्हणतात.

"म्हणजे मी," मी म्हणालो.

"हो मामा, म्हणजे तुम्ही. आणि नंबरावरून ओळ पटकन सापडावी म्हणून जी सूची ठेवतात, ती इंडेक्स. तिची पानं असतात आणि पानांवर नंबर चढत्या क्रमाने."

"म्हणजे माझं रजिस्टर!"

"आणि सगळे नवे नंबर…"

"शेवटच्या पानावर!" मी जवळजवळ ओरडलो. ड्रायव्हरने ब्रेक मारला.

तर रोग तोच होता. चार यंत्रं, आणि चौघांनाही एकाच वेळी शेवटचंच पान हवं. पान एका वेळी एकाच्याच हातात राहू शकतं. पहिल्याचं लिहून झालं, की तारेवरून दुसऱ्याकडे धाडायचं, तिथून तिसऱ्याकडे, परत पहिल्याकडे. लिहायला लागतो क्षण, आणि पानाची ने-आण करण्यात जातो जन्म. त्यात नंबरसुद्धा एकेक करून मागायचा, आणि प्रत्येक नंबराला मध्यवर्ती वहीत नोंद करायची. सकाळचे दहा वाजलेले. ही इस्पितळातून घरी सोडण्याची वेळ. बरे झालेले लोक पिशव्या भरून, चपला घालून बिलाच्या खिडकीशी बसलेले, आणि त्याच खाटांची वाट बघत बाहेर नवे आजारी उभे. यंत्रं मात्र एकमेकांच्या हातातलं पान ओढताहेत.

"अरे, मग यावर काही औषध नाही का?"

"आहे की. प्रत्येक यंत्राला नंबरांचा गठ्ठा आधीच देऊन ठेवायचा. त्याला कॅशे म्हणतात. पण साहेब देऊ देत नाहीत."

का देऊ देत नाहीत, ते कळायच्या आत धनेगाव आलं.

धनेगाव हे कचारगडच्या पायथ्याचं गाव. तिथून पुढे पायी. यात्रेचा दिवस म्हणजे महाराष्ट्रातूनच नव्हे, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण, कुठून कुठून गोंड मंडळी लोटलेली. पिवळे फेटे, पिवळ्या साड्या, ढोल, आणि समोरासमोर आलेला प्रत्येक माणूस दुसऱ्याला "जय सेवा" म्हणतो आहे. एका शेतात गाड्या लावायची सोय होती, आणि तिथे आमची जीप वीस मिनिटं अडली.

शेताच्या तोंडाशी तीन पोरं होती. तिघांत पावतीपुस्तक एक आणि वही एक. एकाने पावती फाडायची, गाडीचा नंबर वहीत पावतीच्या क्रमाने लिहायचा, मग पुस्तक दुसऱ्याकडे फेकायचं, वही तिसऱ्याकडे. गाड्या तीन रांगांत आणि पुस्तक हवेत! भाचा डोळे फाडून बघत राहिला. "मामा," तो म्हणाला, "हे आमचंच ऑफिस आहे."

तेवढ्यात शेताची मालकीण, सत्तरीची एक म्हातारी, काठी टेकत आली.

"काहून रे पोट्टेहो, येका बुकावर तिघं तिघं काहाले लटकले? फाडा अन् वाटून घ्या!"

आणि तिने स्वतःच पुस्तकातून दहा-दहा पावत्या फाडून तिघांना दिल्या. थोडा उजेड पडला, पण थोडाच. दहा पावत्या पाच मिनिटांत संपत आणि पोरगं पुन्हा म्हातारीकडे धावे. शिवाय एक ते तीस हे सगळे नंबर वहीच्या एकाच पानावर मावत होते, त्यामुळे पावत्या वेगळ्या झाल्या तरी तिघांची डोकी त्या पानावर एकमेकांवर आपटतच होती. म्हातारीने हे दोन फेऱ्या पाहिलं. मग तिने सरळ पन्नास-पन्नासचे गठ्ठे केले आणि वहीचीही पानं फाडून वाटली. तुझं पान तुझ्यापाशी, त्याचं त्याच्यापाशी. पाच मिनिटांत तिन्ही रांगा सरकल्या.

भाच्याने म्हातारीला वाकून नमस्कार केला. तिला वाटलं यात्रेकरू आहे, नमस्कार करायचाच.

"मामा, आमच्या ओरॅकलमध्ये न सांगता मिळणारा गठ्ठा वीसचा असतो," चालायला लागल्यावर तो सांगू लागला. "लोक म्हणतात, कॅशे लावली तरी फरक पडला नाही. कसा पडेल? इंडेक्सच्या एका पानावर काहीशे नंबर मावतात. वीस-वीसचे गठ्ठे दिले तर चारही यंत्रांचे नंबर शेवटी त्याच पानावर. गठ्ठा पानापेक्षा मोठा हवा, हजाराचा, पाच हजारांचा. मग पहिलं यंत्र आपल्या पानावर, दुसरं आपल्या."

"आणि एकाच यंत्रावर शंभर माणसं असली तर?"

"तर ती त्या यंत्राच्या शेवटच्या पानावर भांडणार. त्याला दुसरी औषधं. इंडेक्सचेच आठ-सोळा वेगळे भाग करायचे, नाहीतर नंबर उलटा करून लिहायचा, म्हणजे शेजारचे नंबर लांब लांबच्या पानांवर पडतात. पण उलट्या नंबरांत 'अमुकपासून तमुकपर्यंतचे दाखवा' म्हटलं, की सगळी वही चाळावी लागते."

मला हे ऐकून फार बरं वाटलं. जगातल्या प्रत्येक औषधाला पथ्य असतं, आणि संगणकालाही ते चुकलेलं नाही.

परत निघताना पाहिलं, तर तिसऱ्या रांगेतल्या पोराच्या गठ्ठ्यात वीसेक पावत्या उरलेल्या होत्या. "आता यांचं काय?" मी विचारलं. म्हातारी म्हणाली, "चूल पेटवाले होतेत." हेच उत्तर भाच्याच्या साहेबांना पचत नव्हतं. पण तो प्रसंग त्याआधीचा, चढावरचा.

चढावर जंगलात फोनची रेघ कधी येई, कधी जाई. एका वळणावर ती आली आणि साहेबांचा आवाजही आला. अडचण अशी होती: इस्पितळाच्या हिशेबनिसाने पूर्वी लिहून घेतलं होतं, की कुठल्याही नंबरात खंड पडता कामा नये. म्हणून कॅशे बंद. वर चारही यंत्रांनी नंबर काटेकोर वेळेच्या क्रमाने द्यायचे असाही हुकूम, म्हणजे प्रत्येक नंबराला चौघांची सल्लामसलत. गठ्ठे दिले आणि एखादं यंत्र मध्येच बंद पडलं, तर त्याच्या हातातले उरलेले नंबर कायमचे गेले. हिशेबतपासनीस विचारील, नंबर कुठे गेले? साहेब पुन्हा पुन्हा हेच म्हणत होते आणि भाचा पुन्हा पुन्हा "सर, सर" म्हणत होता.

मला राहवेना. मी म्हटलं, "हा कापसाच्या बोळ्याचा नंबर बिलावर छापतात का?"

"नाही मामा. तो कुणाला दिसतसुद्धा नाही. यंत्राच्या पोटातला आहे. बिलाचा नंबर वेगळा."

"आण इकडे फोन."

आणि मी, कचारगडच्या अर्ध्या चढावर, एका दगडावर बसून, पुण्याच्या एका अनोळखी साहेबाला म्हणालो, "नमस्कार. मी ३१ वर्षं आवक-जावक सांभाळलंय. आमच्याकडे कागदाला नंबर असे, फाइलीतल्या पानाला नंबर असे. पण टाचण्यांना अनुक्रमांक नसे. किती टाचण्या हरवल्या म्हणून आजवर एकाही हिशेबतपासनिसाने विचारलेलं नाही."

पलीकडे शांतता. मला वाटलं रेघ गेली. मग आवाज आला, "पण सर, कॅशे बंद ठेवली तर निदान खंड तरी पडत नाही ना?"

भाचा बाजूने कुजबुजला, "पडतो! बिल अर्धवट करून रद्द केलं, तर दिलेला नंबर परत येत नाही. कॅशे असो वा नसो."

"ऐकलंत?" मी म्हणालो. "आमच्या रजिस्टरात रद्द झालेल्या नंबरापुढे लाल शाईने 'रद्द' लिहून कारण लिहीत असू. खंड नसावा असं वाटत असेल तर त्याला रजिस्टर लागतं आणि लाल शाई लागते. नुसता मीटर पुरत नाही. बिलाचा नंबर सांभाळा तसाच, त्याला माझी ना नाही. जीएसटीच्या २०१७ च्या नियमांतही बिलाचा नंबर सलगच हवाय. पण तिथेसुद्धा एक किंवा अनेक मालिका चालतात. आर्थिक वर्षात दोन बिलांना एक नंबर नको आणि नंबर १६ अक्षरांहून लांब नको, एवढंच. उद्या सवडीने प्रत्येक खिडकीला वेगळी मालिका द्या. आत्ता आधी टाचण्या मोकळ्या सोडा. माणसं चपला घालून बसलीयत तिथे."

साहेब म्हणाले, "बरं." हा शब्द मी नोकरीत साहेबांच्या तोंडून फार क्वचित ऐकला. निवृत्तीनंतर ऐकायला मिळाला, तोही दुसऱ्याच्या साहेबाकडून.

पुण्याच्या कचेरीत कुणीतरी एका ओळीचा हुकूम दिला: गठ्ठा हजाराचा, क्रमाचा आग्रह रद्द. ना यंत्र बंद करावं लागलं, ना कुणाला घरी पाठवावं लागलं. आम्ही गुहेच्या तोंडाशी पोचलो तेव्हा भाच्याच्या फोनवर निरोप आला होता, की खिडक्या वाहू लागल्या. तो पहिल्यांदा हसला, आणि पहिल्यांदाच त्याने मान वर करून डोंगराकडे बघितलं.

गुहा एवढी प्रचंड, की आत शिरल्यावर आपोआप आवाज खाली येतो. छताला वर एक भगदाड आहे, त्यातून उजेडाचा झोत खाली पडतो. दादांनी तिथली श्रद्धा सांगितली. काली कंकालीची ३३ मुलं या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवलं, आणि त्यांच्यापासून गोंडांची कुळं पसरली. कुळांचे गट देवांच्या संख्येवरून ओळखतात: कुणी चार देववाले, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात.

"मी सहा देववाला," दादा म्हणाले.

माझा आवक-जावकचा डोळा लगेच उघडला. "म्हणजे सात देववाले तुमच्या वरचे?"

दादा हसले. "वरचे कसे जी? दुसऱ्या घरचे. उलट सोयरीक त्यांच्यातच करतो आमी. सहावाल्यानं सहावाल्याची पोरगी करायची नाही, एवढंच. नंबर म्हंजे कोन कोनाच्या घरचा, ते समजाले."

शेजारच्या टेबलावर हा माणूस इतकी वर्षं बसत होता आणि हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. आम्ही फक्त महागाई भत्त्याविषयी बोलत होतो.

उतरताना भाचा म्हणाला, "मामा, दादांनी सांगितलं ना, तेच ओरॅकलने २०१८ मध्ये आपल्या १८सी आवृत्तीत आणलं. नंबराच्या आधी त्या यंत्राचा आणि तिथे काम करणाऱ्याचा आकडा जोडायचा. प्रत्येक घर वेगळं, म्हणून प्रत्येकाचं पान वेगळं. भांडण नाही."

"यात ओरॅकलचं काय कौतुक?" मी म्हणालो. "तुझ्या तिकिटावरचा पीएनआर बघ. दहा आकडी. पहिला आकडा सांगतो, दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद यांपैकी कुठल्या आरक्षण केंद्राचं ते घर. आणि त्याच्याही आधी पुठ्ठ्याची तिकिटं होती, एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तराने काढलेली, १८३० च्या दशकातली कल्पना. प्रत्येक स्टेशनाला तिकिटांचा आपला गठ्ठा आणि त्याचा आपला क्रम. दरेकश्याच्या मास्तरला तिकीट फाडताना मुंबईला विचारावं लागत नव्हतं, की बाबा रे, पुढचा नंबर काय?"

भाचा गप्प झाला. मामांना गप्प करणारे भाचे पुष्कळ असतात. उलटा प्रकार दुर्मिळ, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

रात्री घरी आल्यावर हा सगळा वृत्तांत मी आमच्या हिला सविस्तर ऐकवला. नंबराचं खरं काम वेगळेपण सांगणं. रांग लावणं हे आपण त्याच्या गळ्यात मारलेलं जादा काम आहे. जिथे रांग नको तिथे गठ्ठे वाटावेत, मध्ये चार नंबर सांडले तर सांडू द्यावेत, वगैरे. हिने भाकरी थापता थापता शांतपणे ऐकलं.

"मग असं करा," ती म्हणाली, "उद्या गिरणीत जाऊन हे सांगा. आज माझ्या डब्यानंतर आलेल्या तिघींची दळणं आधी निघाली."

मी तिला समजावलं, की गिरणीची गोष्ट वेगळी. तिथे नंबर ही ओळख नसून पाळी आहे. तिथे क्रम लागतो, खंड चालत नाही आणि गठ्ठे वाटले तर मारामारी होईल. तिथे कॅशे बंदच हवी.

"हो ना?" ती म्हणाली. "मग सकाळी सातला डबा घेऊन उभे राहा. तुम्हाला ३१ वर्षांचा अनुभव आहे."